मसुराचे अंतरंग

बडोद्याच्या एका वाचक-भगिनीने आम्हांस एक निवाडा करावयास सांगितला आहे. त्यांचे माहेर वडगावचे. फाल्गुनात मळणी आटोपली की माहेरून त्यांच्याकडे पाच-सहा शेर मसूर जातो, हा गेल्या तीस वर्षांचा परिपाठ. पण वडगावात अर्ध्या तासात मऊ शिजणारा हा मसूर बडोद्यास तास उलटला तरी दाताखाली कचकचतो. माहेरची माणसे म्हणतात, "तुमच्याकडचे पाणीच वाईट;" सासरची मंडळी म्हणतात, "तुमचा मसूरच जुना." दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यांच्या सुनेस सातवा महिना असून अंगात रक्त कमी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. औषध सुरू आहेच. पण आहारात डाळी-कडधान्ये वाढवावी असा सल्ला मिळाल्यापासून घरात रोज वाद चालतो की कोणती डाळ अधिक सकस. सासूबाईंना मसूर हवा, आजेसासूबाईंना मसूर 'उष्ण' म्हणून वर्ज्य. हे दोन्ही प्रश्न एकाच दाण्याच्या अंतरंगाशी जाऊन भिडतात, म्हणून या महिन्याचे सदर आम्ही मसुरास व त्याच्या भावंडांस वाहून टाकीत आहोत.

ज्यांनी वडगाव-शहापूर-येळ्ळूरचे शिवार पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बेळगाव शहराच्या दक्षिण अंगास असलेले वडगाव बाहेरच्यांना विणकरांचे गाव म्हणून ठाऊक आहे. मागांचा खडखडाट आणि आषाढातील मंगाई देवीची यात्रा ही त्याची ओळख. परंतु गावामागे पसरलेली काळी जमीन ही त्याची दुसरी, जुनी ओळख होय. पावसाळ्यात या जमिनीत भात उभा असतो. भात कापून झाले की जमिनीत जी ओल उरते तिच्याच बळावर मसूर, वाटाणा, हरभरा, मोहरी आणि कुठे जोंधळा पेरतात. वेगळे पाणी नाही, खताचा फारसा मारा नाही; रात्रीची थंडी आणि जमिनीची ओल एवढ्यावर हा दाणा भरतो. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या, चापट परदेशी मसुरापुढे गावठी मसूर बारीक दिसतो, पण आमच्या भागातील गृहिणी त्याच्या आमटीची चव दुसऱ्या कोणत्याही मसुरास येत नाही असेच सांगतील. हा पक्षपात आम्हांलाही मान्य आहे.

आता दाणा फोडून पाहू. १९७१ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय अन्नपदार्थांचे जे कोष्टक प्रसिद्ध केले त्यात मसुराच्या शंभर ग्रॅममध्ये प्रथिने सुमारे २५ ग्रॅम, पिष्टमय पदार्थ ५९ ग्रॅम आणि स्निग्धांश एक ग्रॅमहूनही कमी दिला आहे. मूग, उडीद, चवळी, मटकी व पावटा ही मंडळी प्रथिनांच्या बाबतीत त्याच्याच आसपास, म्हणजे २४-२५ च्या घरात. तूरडाळ व हुलगा २२. हरभऱ्याची डाळ २१ च्या जवळ, पण तीत स्निग्धांश साडेपाच असल्याने बेसनाला तो खमंगपणा. निपाणी-चिकोडीकडे अलीकडे पावसाळ्यात सर्रास दिसणारा सोयाबीन या पंक्तीत बसत नाही. त्यात प्रथिने चाळिसाच्या वर आणि तेल विसाच्या घरात. तो अर्धा कडधान्य व अर्धा तेलबी आहे. भुईमुगाचेही तसेच. तुलनेसाठी पांढऱ्या तांदळात प्रथिने सात ग्रॅमही भरत नाहीत आणि जोंधळ्यात ती दहा ग्रॅमच्या आसपास असतात.

हे २५ ग्रॅम मोजतात कसे, हे एकदा समजून घेतले म्हणजे पुढची गोष्ट उमगेल. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली एक युक्ती काढली. पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळून त्यातील नत्राचा अमोनिया करावयाचा आणि तो मोजावयाचा. प्रथिनांत नत्र शेकडा सोळा असतो असे धरून आलेल्या आकड्यास सव्वासहाने गुणले की प्रथिनांचा आकडा मिळतो. म्हणजे तराजूत पडतो तो नत्र. प्रथिने हे त्यावरून काढलेले अनुमान. बहुतेक वेळा ते बरोबर असते. पण नत्र असलेला प्रत्येक पदार्थ प्रथिन असतोच असे नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रथिनांचा आकडा मोठा म्हणजे ती उत्तम असेही नाही. प्रथिन ही वीस प्रकारच्या मण्यांची माळ आहे. या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात आणि त्यांतील काही आपल्या शरीरास स्वतः घडविता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. येल विद्यापीठातील मेंडेल व कनेक्टिकटमधील ऑस्बर्न या जोडीने १९१४ च्या सुमारास उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. मक्यातील झेन नावाचे प्रथिन पोटभर देऊनही उंदरांची वाढ खुंटली. त्यात लायसिन व ट्रिप्टोफॅन ही दोन आम्ले घालताच ते वाढू लागले. मसुरात लायसिन भरपूर आहे, पण गंधकयुक्त मेथिओनिन व सिस्टीन तोकडी. तांदूळ-जोंधळ्यात नेमके उलटे: लायसिन तोकडे, गंधकयुक्त आम्ले पुरेशी. भातावर आमटी किंवा भाकरीबरोबर उसळ आली की एकाचे उणे दुसरा भरून काढतो आणि दोन मध्यम प्रतीची प्रथिने मिळून एक चांगले प्रथिन होते. साधारण तीन भाग तृणधान्यास एक भाग डाळ असे कच्च्या वजनाचे प्रमाण त्यासाठी योग्य मानतात. आमच्या घरांतून आमटी पातळ होत गेली तसे हे प्रमाण बिघडत गेले. वाटीभर पिवळ्या पाण्यात तरंगणाऱ्या दहा ग्रॅम डाळीने अडीच ग्रॅमच प्रथिने मिळतात, मग फोडणी कितीही खमंग असो.

दाण्यात एवढा नत्र आला कोठून? फेब्रुवारीत मसुराचे एखादे रोप मुळासकट उपटून पाहावे. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एखादी ताजी गाठ नखाने चिरली तर आत गुलाबी रंग असतो. १८८० च्या दशकात हेल्रीगेल व विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी दाखविले की या गाठींतील सूक्ष्म जंतूंच्या साह्याने द्विदल वनस्पती हवेतील नत्र बांधून घेतात. हे जंतू १८८८ साली हॉलंडच्या बायरिंक यांनी वेगळे केले. मसूर व वाटाणा यांचे जंतू एकाच जातीचे, म्हणून वाटाण्याच्या जागी मसूर पेरला तरी त्याला आपले भिडू जमिनीत सापडतात. गाठीतील गुलाबी रंग ज्या द्रव्याचा आहे ते आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे जवळचे नातलग होय, असे कुबो या जपानी शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखविले. मसूर 'मांससमान' म्हणून नैवेद्यास न चालविणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना हे कळले असते तर त्यांनी हरभराही सोडला असता की काय, अशी एक अवखळ शंका मनात येऊन जाते. कारण ही रक्ताची गाठ सगळ्याच द्विदलांच्या मुळाशी असते.

केल्डालच्या मोजणीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडे, गोंदिया-गडचिरोलीकडे भात उभा असतानाच त्यात लाख टाकतात. आमच्या मसुराप्रमाणेच तीही उरल्या ओलीवर येते. कोष्टकात लाखेच्या डाळीत प्रथिने २८ ग्रॅम, म्हणजे मसुराहूनही सरस दिसतात. पण त्या नत्रातला काही भाग प्रथिनांचा नसून एका विषारी अमिनो आम्लाचा असतो. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन ज्या सागर भागात अधिकारी होता तेथे १८३० च्या सुमारास गव्हाची पिके लागोपाठ बुडाली आणि लोकांनी लाखेवर दिवस काढले. धट्टीकट्टी तरुण माणसे एकाएकी कमरेखाली लुळी झाल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. ते विष नेमके कोणते, हे कळावयास पुढे सव्वाशे वर्षे लागली. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा व शर्मा यांनी ते द्रव्य वेगळे करून त्याची रचना ठरविली. त्यापूर्वीच, १९६१ मध्ये, केंद्र सरकारने ही डाळ विकण्यास मनाई केली होती. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी गरिबाच्या अन्नावरची आहे म्हणून दीर्घकाळ लढा दिला आणि महाराष्ट्राने २००८ साली ती उठविली. विष कमी असलेले वाण आता निघाले आहेत. कधीमधी ताटात आलेल्या लाखेने कोणी लुळा होत नाही. दुष्काळात दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न होते तेव्हा घात होतो. म्हणजे येथे विष आणि दारिद्र्य दोन्ही मिळून रोग घडवितात, आणि बंदीने त्यांपैकी एकच आवरता येते.

मसुराच्या नावावरही असाच एक प्रकार घडला. ऑस्ट्रेलियात जनावरांच्या वैरणीसाठी होणाऱ्या व्हेच नावाच्या एका द्विदलाचे दाणे सोलून भरडले की ते थेट मसुराच्या केशरी डाळीसारखे दिसतात. स्वस्तात मिळणारी ही डाळ मसूर म्हणून परदेशी बाजारात जाऊ लागली. ॲडलेड विद्यापीठातील मॅक्स टेट व डर्क एनेकिंग यांनी १९९२ साली 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून हा प्रकार उघड केला. त्या दाण्यात सायनाइडच्या कुळातील एक विषारी अमिनो आम्ल असते. तेही नत्रच, तेही केल्डालच्या हिशेबात 'प्रथिन' म्हणूनच जमा होणारे. भरडलेल्या डाळीत काय मिसळले आहे हे डोळ्यांनी सांगणे कठीण, अख्ख्या दाण्यात मात्र लबाडी लपत नाही. मसुराचा आकार दोन्ही बाजूंनी फुगीर आणि कडेला धारदार, इतका स्वतःचा की युरोपात काचेच्या भिंगाला त्यावरूनच नाव पडले. लॅटिनमध्ये मसुराला लेन्स म्हणतात. अनोळखी दुकानातून सुटी डाळ घेण्यापेक्षा अख्खा मसूर घ्यावा, हे आमचे मत या घटनेने पक्के झाले.

आता बडोद्याचा पहिला प्रश्न. न शिजणाऱ्या दाण्याचे दोन प्रकार असतात आणि आपल्या बोलीत त्यांतला एक 'गणंग' म्हणून प्रसिद्धच आहे. रात्रभर भिजवूनही जो फुगत नाही तो गणंग: त्याचे साल पाणीच आत घेत नाही. असे दाणे सकाळी हाताला लागतात व वेचून टाकता येतात. दुसरा प्रकार फुगतो, टपोरा होतो, पण शिजत नाही. बडोद्याची तक्रार या दुसऱ्या प्रकाराची आहे.

डाळ शिजते म्हणजे काय होते? दाण्यातील पेशी एकमेकींस पेक्टिन नावाच्या खळीने चिकटलेल्या असतात. उष्णतेने ही खळ विरघळली की पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटाने दाबला तर मेणासारखा पसरतो. पण पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असले की ते पेक्टिनला बांधून धरतात, मग ती खळ विरघळत नाही. बोअरचे जड पाणी हेच करते, आणि आमच्या भगिनींच्या घरी बोअरचेच पाणी येते असे त्यांनी लिहिले आहे. तेव्हा माहेरचे म्हणणे खरे. मात्र सासरची मंडळीही अगदी चुकीची नाहीत. दाण्यात फायटिक आम्ल नावाचे एक द्रव्य असते. त्याचा स्वभाव कॅल्शियम आपल्याकडे ओढून घेण्याचा. ते पुरेसे असेल तोवर शिजताना कॅल्शियम त्याच्याकडे जाते आणि पेक्टिन मोकळे राहते. परंतु धान्य उष्ण व दमट जागी महिनोन्महिने पडून राहिले की हे फायटिक आम्ल हळूहळू मोडते आणि राखणदार गेल्यावर कॅल्शियमची पेक्टिनशी गाठ पक्की होते. स्वीडनच्या मॅटसन यांनी पिवळ्या वाटाण्यावर काम करून १९४६ साली हा संबंध मांडला. फाल्गुनात निघालेला मसूर वैशाखाचे ऊन आणि आषाढाची दमट हवा खाऊन आश्विनात चुलीवर चढतो तेव्हा तो फाल्गुनातला मसूर राहिलेला नसतो. निवाडा असा की दोन्ही पक्ष खरे. पाण्याचा दोष मोठा आणि साठवणीचा त्याच्या पाठोपाठचा.

उपाय सोपे आहेत. पाणी खळखळून उकळून निवू द्यावे. जडपणाचा काही भाग पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसतो, वरचे पाणी घ्यावे. पावसाचे पाणी मिळाले तर उत्तमच. भिजविताना पाण्यात चमचाभर मीठ टाकावे: मिठातील सोडियम सालीतील कॅल्शियमची जागा घेतो आणि साल नरम पडते. हे पाणी टाकून द्यावे. आमसूल, चिंच, टोमॅटो यांतले काहीही दाणा पूर्ण शिजेपर्यंत घालू नये, कारण आंबट पाण्यात पेक्टिन घट्ट राहते. गूळही नंतरच, कारण गुळात कॅल्शियम असते. जुन्या बायका 'आधी आमसूल घातलेस तर डाळ रुसेल' म्हणत, त्यांना हे रसायनशास्त्र हाताने ठाऊक होते. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर मसूर झटकन शिजतो हे खरे, पण त्याबरोबर ब१ जीवनसत्त्वाचा नाश होतो आणि चवही साबणासारखी होते. आम्ही तो सुचवीत नाही.

कडधान्य पोटात वात धरते, ही तक्रारही रसायनाची आहे. रॅफिनोज, स्टॅकिओज अशा नावांच्या काही शर्करा कडधान्यांत असतात. त्या मोडणारे पाचक द्रव्य माणसाच्या आतड्यात नसते, म्हणून त्या मोठ्या आतड्यापर्यंत तशाच जातात आणि तेथील जंतू त्यांच्यावर वायू निर्माण करीत बसतात. भिजवलेले पाणी टाकल्याने यांतला काही भाग जातो; मोड आणले तर कोंबच त्या खाऊन टाकतो. शिजविलेले पाणी टाकणे मात्र वेडेपणा होय. त्यात ब वर्गातील जीवनसत्त्वे व क्षार उतरलेले असतात. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून वरचा कट काढावा लागतो, पण त्या कटाची आमटी करून आपल्या आज्यांनी हिशेब पुरा केला. कटाच्या आमटीस कोणी काटकसर म्हणेल; आम्ही तिला पुरणपोळीचा दुसरा अर्धा भाग म्हणतो.

मोडांचा विषय निघालाच आहे तर बेळगावकरांना जवळची वाटेल अशी एक हकीकत सांगितली पाहिजे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आमच्या गावात आहे. पहिल्या महायुद्धात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेल्या आणि टायग्रिस नदीकाठच्या कूत या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. भाजीपाला संपला. घोडे मारून त्यांचे मांस वाटण्यात आले, पण धर्माच्या संकोचाने बहुतेक हिंदी शिपायांनी ते प्रथम नाकारले. हिरड्या सुजून रक्त येऊ लागले, जुन्या जखमा उकलू लागल्या; हा स्कर्वी, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. त्याच वेढ्यात मांस खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना स्कर्वी फारसा झाला नाही, पण पांढऱ्या पिठाच्या पावावर राहिल्याने त्यांना बेरीबेरीने गाठले. कोंड्यासकट पीठ व डाळ खाणारे हिंदी शिपाई त्या रोगातून वाचले. एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन ताटांनी दोन रोग निर्माण केले.

लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक व मार्गारेट ह्यूम या दोन विदुषींनी नेमक्या त्याच वर्षांत सैन्याच्या शिध्याचा हा प्रश्न हाती घेतला. कोरड्या डाळीने स्कर्वी बरा होत नाही, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले तर होतो, हे त्यांनी गिनिपिगांवर दाखविले आणि १९१७ साली प्रसिद्ध केले. दाणा कोरडा असताना त्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. पाणी मिळून कोंब जागा होताच तो ते स्वतः घडवू लागतो. पुढच्या वर्षी विल्टशर नावाच्या डॉक्टरांनी सर्बियन सैनिकांवर हाच उपाय करून पाहिला, तेव्हा मोड आलेला घेवडा लिंबाच्या रसाहून कमी ठरला नाही. कूतच्या शिपायांजवळ डाळ होती. ती बहुधा भरडलेली होती, आणि भरडलेल्या डाळीस मोड येत नाहीत. अख्खा मूग वा मसूर, एक ओले फडके आणि दोन दिवस, एवढ्यावर किती हिरड्या वाचल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही. आमच्या भागातून त्या वेढ्यात गेलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी हे फडके खुंटीवर टांगलेलेच असेल.

आता सुनेच्या रक्ताचा प्रश्न. मसुरात लोह शंभर ग्रॅमला सुमारे साडेसात मिलिग्रॅम आहे. आकडा चांगला, पण वनस्पतीतील लोह शरीरात सहज शिरत नाही. वर ज्या फायटिक आम्लाचे आम्ही कौतुक केले तेच येथे आडवे येते: कॅल्शियमप्रमाणे ते लोहासही धरून ठेवते, आणि शंभर भागांतले पाच-सात भागच रक्तापर्यंत पोहोचतात. दाणा शिजावा म्हणून जे हवे, तेच पचावा म्हणून नको, अशी ही विचित्र अडचण. मोड आणल्याने फायटिक आम्ल कमी होते आणि क जीवनसत्त्व वाढते. मोडांच्या उसळीवर ताटात लिंबू पिळले तर लोहाचे शोषण आणखी सुधारते. लिंबू शिजविताना नव्हे, वाढल्यावर पिळावे. जेवणावर लगेच चहा मात्र घेऊ नये, त्यातील टॅनिन लोहास बांधून टाकते. तास-दीड तास थांबावे.

रक्तास लोहाखेरीज दुसरेही एक द्रव्य लागते. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांत एक विलक्षण पंडुरोग आढळे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत आणि कित्येक जणी बाळंतपणात दगावत. त्या गिरण्यांत आपल्या रत्नागिरी-साताऱ्याच्या बायका किती होत्या हे सांगावयास नको. विल्स यांनी त्यांच्या ताटाकडे पाहिले आणि यीस्टचा अर्क देऊन त्यांना बरे करून दाखविले. त्यांचा निबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. पालकापासून ते १९४१ साली वेगळे केले गेले. पालेभाज्यांबरोबरच कडधान्ये हा त्याचा चांगला साठा आहे आणि मसूर त्यांत मागे नाही. हे द्रव्य पाण्यात विरघळते व फार शिजविल्याने नष्ट होते. म्हणून मसूर भिजवून लवकर शिजवावा आणि शिजलेले पाणी आमटीतच ठेवावे.

तेव्हा सासूबाई व आजेसासूबाई यांच्या वादात आमचा कौल सासूबाईंकडे झुकतो, पण पुरता नाही. चरकाने मूग हा सर्व शिंबीधान्यांत श्रेष्ठ मानला तो पचनाच्या दृष्टीने, आणि सातव्या महिन्यात पचन हा लहान मुद्दा नव्हे. एक दिवस मोडाचा मसूर, एक दिवस मूग, कधी हुलग्याचे माडगे, असे केल्यास कोणाचाच अपमान होणार नाही. मात्र डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या व फॉलिक आम्लाच्या गोळ्या कोणत्याही डाळीच्या भरवशावर बंद करू नयेत. गरोदरपणी लागणारे लोह केवळ आमटीतून भरून निघत नाही.

देशाच्या ताटाविषयी एक आकडा सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५१ साली दरडोई दररोज सुमारे ६० ग्रॅम डाळी-कडधान्ये उपलब्ध होती. २००० सालच्या सुमारास तो आकडा ३० च्या जवळ आला. गहू-तांदळाची पैदास वाढली, लोकसंख्या वाढली, डाळींची जमीन मागे हटत गेली. पुढे स्थिती काहीशी सुधारली खरी, पण राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलेले प्रमाण दिवसाला ८५ ग्रॅमचे आहे. ही तूट भरून काढण्यास मसूर येतो तो बहुतांशी कॅनडा व ऑस्ट्रेलियातून. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात १९७० पूर्वी मसुराचे पीक नावापुरतेही नव्हते. तेथील विद्यापीठात स्लिंकार्ड या संशोधकाने वाण निवडीत १९७८ साली 'लेअर्ड' हा वाण दिला, आणि आज तो देश मसुराचा जगातील मोठा निर्यातदार आहे. बडोद्यास किंवा इंदुरास दुकानातून आणलेल्या मसुरात त्या बर्फाळ प्रांताचा दाणा असण्याचा संभव पुष्कळ.

आणि वडगावचे शिवार? बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात शेतांत पसरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर उभे भात कुजून गेले. भात उशिरा निघाले की मसुराची पेरणी चुकते, कारण ओल कोणासाठी थांबत नाही. शहर दक्षिणेकडे वाढते आहे आणि हलगा-मच्छे बगलरस्त्याच्या पट्ट्यात याच सुपीक जमिनी येतात. तेथील शेतकऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या. जमीन गेली तर मोबदला मिळतो. वाण गेला तर त्याचा मोबदला कोणत्याही कचेरीत ठरत नाही, कारण तो कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेला नसतो. भात-मसुराच्या या फेऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेलेला बारीक दाणा काही घरांच्या कणग्यांतच उरला आहे.

ज्यांच्या घरी तो अजून येतो त्यांच्यासाठी साठवणीविषयी एवढेच. मसूर दोन कडक उन्हे देऊन, निवल्यावर भरावा. गरम दाणा डब्यात कोंडला की आत घाम धरतो. बियाण्याचा मसूर चाळलेल्या कोरड्या राखेत घोळून वेगळा ठेवावा, म्हणजे भुंगा लागत नाही. खाण्याचा मसूर घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर, घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा आणि श्रावणापूर्वी निम्मा तरी संपवावा. बडोद्यास पाच-सहा शेर एकदम न पाठविता वडगावच्या कणगीतच ठेवून दोन खेपांत पाठविता आला तर अधिक बरे. तिकडचा उन्हाळा इकडच्यापेक्षा कडक असतो.